वाहते रक्त आणि खडकावरचा डिंक

पावसाळ्यात शेताचा बांध फुटला म्हणजे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. भगदाडात नुसती ओली माती टाकली तर ती ठरत नाही. पाण्याची धार तिला धुऊन नेते. माणसाच्या शरीरातून वाहणारे रक्त थांबवणे हेही असेच अवघड काम आहे, आणि गेली दोन हजार वर्षे वैद्य व शल्यविशारद त्याच्याशी झुंजत आले आहेत. त्या झुंजीचा इतिहास आपण थोडक्यात पाहू. त्यातला अलीकडचा अध्याय समुद्रकाठच्या खडकाने शिकवला, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल.

प्रथम अडचण समजून घेऊ. हातापायाला कोयता लागला तर आपण फडके दाबून धरतो. पण कोणी झाडावरून पडला, बैलाने कोणाला शिंगावर घेतले, किंवा ट्रॅक्टर उलटला, आणि पोटातले यकृत किंवा प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतो, ती फाटली, तर दाबणार कुठे? बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि आत मात्र पोट रक्ताने भरत असते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. त्यातले दोन लिटर गेले की प्राणावर बेतते. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले तरी यकृत इतके मऊ की टाका घट्ट ओढावा तर ते आणखी फाटते. तिथे डिंकासारखे काही लावून भगदाड बुजवता येईल का? प्रश्न जुना आहे. पण ओल्या, वाहत्या जागेवर कोणताच डिंक धरत नाही, हीच तर मेख आहे.

आपल्याकडे सुश्रुताने रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा जुळवून आणणे हे संधान, गारव्याने रक्त गोठवणे हे स्कंदन, भस्माने जखम सुकवणे हे पाचन आणि डाग देऊन शिरा आकसवणे हे दहन. यात क्रम आहे, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. सौम्य उपाय आधी. ते थकले तरच अग्नी. याच सुश्रुताने फाटलेले आतडे जोडण्यासाठी काळ्या मुंग्या सांगितल्या आहेत. आतड्याच्या कडा एकत्र धरून त्यांवर मुंग्या डसवायच्या आणि मग धड तोडून डोकी तशीच ठेवायची. मुंगीचा चावा हाच टाका! निसर्गातल्या जिवाची हिकमत माणसाच्या पोटात वापरण्याचा हा फार जुना दाखला होय.

युरोपात बराच काळ अग्नीचीच सत्ता होती. बंदुकीच्या जखमेवर उकळते तेल ओतत, आणि हात किंवा पाय कापल्यावर तापल्या लोखंडाने डाग देत. 1537 च्या सुमारास फ्रेंच सैन्यातला आंब्रोज पारे नावाचा तरुण शल्यवैद्य इटलीतल्या मोहिमेवर होता. त्याच्याजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तो मलमवाले जखमी शांत झोपलेले, आणि तेलाने भाजलेले तापाने तळमळत आहेत. पुढे 1552 साली दांव्हिलिएच्या वेढ्यात त्याने पाय कापल्यावर डाग न देता रक्तवाहिनीच दोऱ्याने बांधली. आजचा शल्यविशारद हेच करतो. पण दोरा बांधायला रक्तवाहिनी सापडावी लागते. यकृताच्या चिरेतून शेकडो बारीक तोंडांनी रक्त झिरपते, तिथे कोणकोणती बांधणार?

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी रक्तालाच गुरू केले. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. जखम झाली की थ्रॉम्बिन या द्रव्यामुळे त्याचे धागे बनतात. जाळ्यात मासळी अडकावी तशा त्या धाग्यांत रक्तपेशी अडकतात आणि गुठळी धरते. 1909 साली बर्गेल या जर्मन डॉक्टरने या धाग्यांची भुकटी रक्त थांबवण्यासाठी वापरली. 1944 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही दोन्ही द्रव्ये एकत्र करून कातडीचे तुकडे जखमेवर चिकटवून पाहिले. कल्पना उत्तम, पण त्या काळचा हा डिंक दुबळा निघाला. शिवाय अनेकांच्या रक्तातून एकत्र काढलेल्या द्रव्याबरोबर कावीळ पसरण्याची धास्ती होती. शुद्धीकरण सुधारल्यावर 1998 साली अमेरिकेत अशा डिंकाला परवानगी मिळाली.

मधल्या काळात कारखान्यातला डिंकही वापरून झाला. 1942 साली हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना त्यांना सायनोअॅक्रिलेट हे द्रव्य सापडले. ज्याला त्याला चिकटते म्हणून आधी ते बाजूला टाकले गेले. पुढे तोच झटपट चिकटणारा डिंक म्हणून जगभर खपला. 1966 साली व्हिएतनामच्या युद्धात त्याचा फवारा जखमी सैनिकांच्या रक्तस्रावावर मारला गेला. पण हा डिंक वाळला की कडक होतो, आणि काही प्रकारांनी आतल्या मऊ मांसाला इजा होते. कातडीच्या चिरेला तो चालतो. धडधडणाऱ्या हृदयाला आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या यकृताला मात्र वाकणारा, ताणणारा डिंक हवा.

आता समुद्रकाठी चला. मालवण-गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात ते शिंपले तुम्ही पाहिले असतील. लाटा रात्रंदिवस आपटतात, तरी ते खडक सोडत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट वेट यांनी 1981 साली अशा शिंपल्याच्या डिंकातले प्रथिन वेगळे केले. त्यात डोपा नावाचा एक घटक भरपूर आढळला, आणि ओल्या जागी चिकटण्याचे बरेचसे श्रेय त्याच्याकडे जाते. तेव्हापासून शिंपल्याची नक्कल करणारे डिंक तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतल्या कायटिनपासून कायटोसान बनते. तेही कामास आले. त्यावर धन विद्युतभार असतो आणि तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण, म्हणून पेशी त्याकडे ओढल्या जाऊन साकळतात. 2002 च्या सुमारास अमेरिकन सैन्याला बाहेरच्या जखमांसाठी कायटोसानच्या पट्ट्या मिळू लागल्या. 2017 साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी बिनकवचाच्या एका गोगलगाईच्या चिकट स्रावावरून लवचीक डिंक बनवला आणि डुकराच्या हृदयावर तो धरतो असे दाखवले.

पण एक प्रश्न उरलाच होता. पुष्कळसे उपाय रक्त स्वतः गोठण्यावर अवलंबून असतात. ज्याला हिमोफिलिया आहे, जो रक्त पातळ करण्याची औषधे घेतो, किंवा ज्याचे इतके रक्त गेले आहे की गोठण्याची शक्तीच उरली नाही, त्याने काय करावे? आणि डिंक व मांस यांच्यामध्ये रक्ताचा थर आला, तर डिंक चिकटणार कशाला?

याचे उत्तर एका क्षुद्र वाटणाऱ्या जिवाकडे मिळाले. खडकावर, धक्क्याच्या खांबांवर आणि होडीच्या बुडाला पांढरट, खरखरीत, टोकदार कवचाचे बारीक प्राणी घट्ट बसलेले असतात. इंग्रजीत त्यांना बार्नॅकल म्हणतात. होडी ओढून तळ खरवडताना ते किती चिवट असतात हे कोळी बांधवांना विचारा. ते शिंपल्यासारखे दिसले तरी कुळाने खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षे त्यांच्या अभ्यासात घालवली. त्यांच्या डिंकाची युक्ती अशी की, चिकट प्रथिनांबरोबर तेलकट पदार्थही असतो. तो आधी पाणी आणि घाण बाजूला सारतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर प्रथिन धरते. बांध बुजवण्याआधी पाणी वळवावे, तसेच हे.

अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत ह्यूनवू युक, शुआनहे झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती उचलली. त्यांनी चिकटणारे सूक्ष्म कण तेलात कालवून लेप केला. तो जखमेवर ठेवून हलके दाबले की तेल रक्ताला हटवते, मग तेलही सरकते, आणि कण मांसाशी व एकमेकांशी जखडले जातात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पंधरा सेकंदांच्या आत भगदाड बंद होते. रक्त गोठो वा न गोठो, त्याची वाट पाहावी लागत नाही. डुकराच्या महाधमनीवर लावलेला लेप सुमारे 350 मिलिमीटर पाऱ्याचा दाब सोसून राहिला. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब साधारण 120 असतो, त्यावरून अंदाज करा. उंदीर व डुकरांच्या हृदयावर आणि यकृतावरही तो यशस्वी झाला. पुढे शरीर तो हळूहळू विरघळवते.

मात्र हुरळून जाऊ नका. हे प्रयोग प्राण्यांवरचे होते. प्राण्यापासून माणसापर्यंतची वाट लांब असते. आणि लेप कितीही चांगला निघाला, तरी तो लावायला शल्यविशारदाचा हात हवा. तेव्हा पोटाला मार लागलेला माणूस फिका पडू लागला, त्याला गार घाम सुटला, नाडी जलद झाली, तर बाहेर रक्त नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला आडवे निजवा, पांघरूण घाला, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि घटकाभरही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. कारण इतिहासातले सारे उपाय, मुंगीच्या चाव्यापासून या लेपापर्यंत, वेळेवर पोहोचलेल्या माणसालाच उपयोगी पडले आहेत.

शिक्षक मित्रांनो, मुलांना समुद्रावर नेलेत तर खडकावरचा हा खरखरीत जीव अवश्य दाखवा. पायाला बोचणारा हा जीव उद्या कोणाचा प्राण वाचवील, हे ऐकले की मुले खडकाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतील.