कुंडीतली हळद आणि विस्मरणात गेलेले वाड

आमच्या घराण्यात खतांवरून दोन तट पडले आहेत. गच्चीत कुंड्यांतून हळद लावणारी माझी भाची म्हणते, "मावशी, युरिया म्हणजे विष." सांगलीकडे शेती करणारे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, नुसत्या शेणखतावर हळद पोसत नाही." गेल्या दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा म्हटलं, हे भांडण मुळात लागलं कुठे ते तरी पाहू.

ते लागलं जर्मनीत. 1840 साली लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की झाड कुजलेल्या पालापाचोळ्यावर नव्हे, तर जमिनीतल्या खनिजांवर वाढतं. सिद्धांत मोठा, पण त्याने बाजारात आणलेलं खत मात्र सपशेल आपटलं. ते पावसात वाहून जाऊ नये म्हणून असं काही बनवलं की पाण्यात विरघळेना, मग मुळांना मिळणार काय! पुढे 1843 मध्ये इंग्लंडात रॉथमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी गव्हाच्या एका शेताचे पट्टे पाडले. एकाला दरवर्षी शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. शेणखताचा पट्टा आणि पुरेशी रासायनिक खतं मिळालेले पट्टे उत्पन्नात वर्षानुवर्षं जवळपास बरोबरीने चालले. माती मात्र शेणखताच्या पट्ट्यात कितीतरी कसदार झाली. 1968 पासून शेणखताच्या पट्ट्यातल्या एका भागाला वरून नत्रही देऊ लागले, आणि त्या भागाने बरेचदा बाकीच्यांना मागे टाकलं.

आपल्याकडचा अध्याय इंदूरचा. तिथल्या संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, अधूनमधून उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. या पद्धतीवरचं 1931 सालचं पुस्तक दोघांच्या नावावर आहे, हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड तिथे शेतीरसायन पाहत. आज सेंद्रियवाले हॉवर्डना गुरू मानतात. वाडांचं नाव काढणारा मला अजून भेटलेला नाही. (साहेबाचं नाव राहतं, जोडीदाराचं पुसलं जातं, हे इतिहासाच्या तासाला मी किती वेळा सांगितलं असेल!) काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र थोडं. तो कच्चाच मातीत घातला तर कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतात, म्हणून आधी कुजवायचा. ही सगळी रसायनशास्त्राचीच भाषा आहे. एका रसायनवाल्याने कंपोस्टच्या पायाशी उभं राहावं, हे मला फार बोलकं वाटतं.

आता कुंडी. हळद आठ-नऊ महिने जागा अडवते आणि खादाड आहे. शेतात मुळांना पसरायला वाव असतो. कुंडीत नाही, शिवाय पाणी घातलं की विरघळलेलं खत तळाच्या भोकातून निघून जातं. कंपोस्ट ओल आणि खत दोन्ही धरून ठेवतं, म्हणून निम्मी माती नि एक तृतीयांश कंपोस्ट हवंच, बाकी वाळू. पण त्यातलं नत्र सावकाश सुटतं, आणि हळदीची भूक पावसाळ्यात एकदम वाढते.

दिरांच्या शेतात हेक्टरी 200 किलो नत्राचा हिशोब असतो. मी तो कुंडीवर उतरवला. 40 सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीला अडीच ग्रॅम नत्र, म्हणजे अख्ख्या हंगामाला साडेपाच ग्रॅम युरिया! कंपोस्ट भरपूर असेल तर त्याहून कमी. लोक मूठभर टाकतात, मग मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात, आणि दोष युरियाला. अर्धा चहाचा चमचा पाण्यात विरघळवून, लावणीनंतर दीड महिन्याने एकदा आणि साडेतीन महिन्यांनी एकदा, ओल्या मातीत. दुसऱ्या खेपेला वरून कंपोस्टची भर द्यायची, कारण गड्डे तोवर वर डोकावू लागतात. त्यासाठी कुंडी भरताना वरचे चार बोटं मोकळे ठेवावेत.

हा हिशोब मी दोघांनाही पाठवला आहे. भाचीने राखेबद्दल विचारलंय, दिरांनी कुंडीच्या मापाबद्दल.