वृद्धांचे औषधपाणी : हक्काचे दार आणि मदतीचे दार

वाचकहो, मुलगा आणि सून न्यू जर्सीत, म्हणून पुण्याचे किंवा सांगलीचे बिऱ्हाड आवरून आईवडील तिकडे कायमचे राहायला जातात, ही गोष्ट आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. तिथे पहिल्या खोकल्यापडशाला दवाखान्यात जावे, तर डॉक्टरांच्या आधी खिडकीमागची बाई विचारते, "विमा कोणता?" नाडी मागाहून, विमा आधी! आजोबांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण त्यामागे त्या देशातल्या म्हाताऱ्या माणसांचा फार मोठा झगडा आहे. तो आज थोडक्यात सांगायचा आहे.

सुरुवात १९३५ सालापासून करू. मंदीच्या त्या दिवसांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीचा कायदा केला. नोकरीत असताना पगारातून थोडे कापून द्यायचे आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन घ्यायचे. आजारपणाचा विमा मात्र त्यात घातला नाही. त्या वादापायी सगळाच कायदा बुडेल अशी धास्ती होती. पुढे १९ नोव्हेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी आरोग्यविम्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. डॉक्टरांच्या संघटनेने ती समाजवादी वैद्यक म्हणून झोडपून काढली, आणि योजना बारगळली.

तेव्हा पुरस्कर्त्यांनी धोरण बदलले. सगळ्यांसाठी जमत नाही ना, मग निदान म्हाताऱ्यांसाठी तरी करा! यात व्यवहार होता. विमा मिळे तो बहुधा नोकरीबरोबर. नोकरी सुटली की विमा सुटे, आणि आजार तर नेमके तेव्हाच दाराशी येत. साठीच्या दशकाच्या आरंभी तिथल्या जवळजवळ निम्म्या वृद्धांजवळ इस्पितळाचा विमा नव्हता. एका दुखण्यात घर गहाण पडे, नाही तर लेकाच्या संसारावर बोजा येई.

१९६० साली केर आणि मिल्स या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. गरीब वृद्धांच्या उपचारासाठी केंद्र सरकार राज्यांना पैसा देणार, पण योजना काढायची की नाही हे राज्याने ठरवायचे. झाले काय, पैशाचा मोठा वाटा मोजक्या संपन्न राज्यांत गेला. काही ठिकाणी मदत मागणाऱ्याच्या मुलांची मिळकतही तपासली जाई. जन्मभर मानाने जगलेला म्हातारा अशा चौकशीपेक्षा दुखणे अंगावर काढी. धरण बांधले, पण पाट काढलेच नाहीत, अशातली गत!

यानंतर १९६४ च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉन्सन प्रचंड मतांनी निवडून आले. तेव्हा याच मिल्ससाहेबांनी मोठी चतुराई केली. परस्परांविरुद्ध मांडलेल्या तीन योजना त्यांनी एकाच विधेयकात गुंफल्या. पहिला भाग इस्पितळाच्या खर्चाचा. तो नोकरीतल्या वर्गणीतून मिळणारा. दुसरा डॉक्टरांच्या फीचा. तो ऐच्छिक, त्याचा हप्ता महिना ३ डॉलर, आणि तेवढीच भर सरकारची. या दोन्ही मिळून झाले मेडिकेअर. तिसरा भाग गरिबांसाठी केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीचा, तो मेडिकेड. ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स या ट्रूमन यांच्या गावी जाऊन कायद्यावर सही केली, आणि पुढे ८१ वर्षांच्या ट्रूमन यांना पहिले कार्ड दिले. वीस वर्षांपूर्वी हरलेल्या माणसाचा तो सन्मान होता.

इथे दोन दारे तयार झाली, ती नीट ध्यानात घ्या. मेडिकेअर हे हक्काचे दार. वय ६५ झाले आणि वर्गणीची अट पुरी असली, की श्रीमंत-गरीब न पाहता ते उघडते. मेडिकेड हे मदतीचे दार. तिथे मिळकत दाखवावी लागते, आणि कुलपाची किल्ली बरीचशी राज्याच्या हाती असते. ॲरिझोना राज्य तर १९८२ पर्यंत त्यात सामीलच झाले नव्हते.

पण हक्काच्या दारातसुद्धा माणसाला आणावे लागले! ऐच्छिक भागासाठी नाव नोंदवण्याची मुदत ३१ मार्च १९६६ होती, ती ३१ मेपर्यंत वाढवावी लागली. वृद्ध माणसांनाच थोडे मानधन देऊन शेजारपाजारच्या वृद्धांकडे पाठवले. रानात एकटे राहणारे कुणी सुटू नयेत म्हणून वनरक्षकांनाही कामाला लावले. १ जुलै १९६६ रोजी योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्या छत्राखाली आले होते. पाट असे काढावे लागतात.

एक उणीव मात्र राहून गेली. इस्पितळाबाहेर विकत घेतलेल्या गोळ्या-औषधांचा खर्च मेडिकेअर देत नसे. तिथे काही राज्ये पुढे आली. न्यू जर्सीने १९७५ साली वृद्धांच्या औषधखर्चाला मदत सुरू केली. पेनसिल्व्हेनियाने १९८४ साली तीच योजना राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून चालवली. न्यू यॉर्क १९८७ साली त्यांच्या मागोमाग आले. केंद्राला जाग आली ती २००३ च्या कायद्याने. औषधांचा विमा १ जानेवारी २००६ पासून लागू झाला, आणि कमी मिळकतीच्या लोकांना त्यात जादा सवलत ठेवली गेली. पुढे २०२२ च्या कायद्याने या विम्यातल्या औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला वर्षाची मर्यादा घातली. ती २०२५ साली २,००० डॉलर होती.

मधल्या काळात १९८८ चा एक कायदा आला. मोठ्या आजारांचा खर्च देणारा, पण सुस्थितीतल्या वृद्धांवर जादा कर बसवणारा. एवढी ओरड झाली की पुढल्याच वर्षी, १९८९ साली, तो जवळजवळ सगळा रद्द झाला. त्यातले एक कलम मात्र वाचले. गरीब वृद्धांचा मेडिकेअरचा हप्ता आणि उपचारातला त्यांचा वाटा राज्याने भरावा, असे ते कलम. गाजावाजा मोठ्या कायद्याचा झाला. उपयोगी पडले हे धाकटे कलम. पण त्यालाही अर्ज लागतोच, आणि कितीतरी पात्र माणसे तो करीतच नाहीत. म्हणून १९९० च्या कायद्याने राज्याराज्यांत विनामूल्य सल्ल्याची सोय केली.

आता वळू या पुन्हा आपल्या आजोबांकडे. ते किंवा आजी तिथे नोकरीत नव्हते, म्हणून इस्पितळाचा भाग फुकट मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना असेल, वय ६५ झालेले असेल आणि सलग पाच वर्षे तिथे राहिले असतील, तर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. केंद्राच्या मेडिकेडसाठीही १९९६ च्या कायद्यापासून, परवाना मिळाल्यावर साधारण पाच वर्षे थांबावे लागते. ती पाच वर्षे खाजगी विम्यावर काढायची, हे विमानात बसण्यापूर्वीच ठरवायला हवे. पाच वर्षे भरली की मुदत चुकवू नये. डॉक्टरांच्या फीच्या भागात सबबीशिवाय उशीर केला, तर दर पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो, आणि तो चढलेलाच राहतो.

म्हणून, वाचकहो, आपले कुणी तिकडे असेल तर पत्रात क्षेमकुशल विचाराल तेव्हा एवढेही विचारा, "राज्याच्या सल्ला केंद्रात जाऊन आलात का? अर्ज भरला का?" मदत मागायला संकोच वाटतो, आपल्या पिढीला तर फारच. पण हा झगडा मुळात झाला तो त्या संकोचापायी कुणाचे दुखणे अंगावर राहू नये म्हणूनच. दार उघडायला इतकी वर्षे लागली. आता उंबरठ्यापाशी थबकून कसे चालेल?