शकुंतला : एका आगगाडीच्या स्त्रीरूपाची कुळकथा

इंग्रज खलाशी आपल्या जहाजाचा उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीवाचक सर्वनामाने करीत आला, हे प्रसिद्धच आहे. आणि या वहिवाटीची उपपत्ती सांगताना कोणी जहाजाला उदरात वागवणारी माता म्हणतो, कोणी त्यात नौकेच्या अधिष्ठात्री देवतेचा अंश पाहतो, तर कोणी महिनोन्‌महिने घरापासून दुरावलेल्या पुरुषांच्या विरहाकडे निर्देश करतो. भाषांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. लॅटिनमधील ‘नाविस’, ग्रीकमधील ‘नाउस’ आणि आपल्या संस्कृतातील ‘नौ’ ही एकाच कुळातील नामे स्त्रीलिंगी खरी. परंतु प्राचीन इंग्रजीत जहाजाचा वाचक शब्द नपुंसकलिंगी होता, आणि जर्मन भाषेत तो आजही नपुंसकलिंगीच असून एखाद्या विशिष्ट जहाजाला दिलेले नाव तेवढे, ते कोणा मुत्सद्दी पुरुषाचे असले तरीही, स्त्रीलिंगी चालते. 1734 पासून चालत आलेल्या ‘लॉइड्स लिस्ट’ या लंडनच्या नौकानयनविषयक पत्राने तर 2002 साली जहाजाचे स्त्रीत्व आपल्या स्तंभांतून रीतसर काढूनही टाकले.

आपल्या कोकणच्या दर्यावर तिन्ही लिंगे सुखाने नांदत होती. मराठ्यांच्या आरमारात गुराब ‘ती’ होती, गलबत ‘ते’ होते आणि मचवा ‘तो’ होता. यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण शब्दाचे रूप जसे असेल तसे लिंग, एवढाच तेथला कायदा होता. पुढे आगबोटी आल्या आणि त्यांना संतांची नावे मिळाली, तेव्हा या कायद्याची मोठी करुण उदाहरणे घडली. 11 नोव्हेंबर 1927 रोजी वादळात ‘जयंती’बरोबर ‘तुकाराम’ बोट बुडाली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे तिने आपल्याबरोबर नेली. नाव संताचे, क्रियापद स्त्रीचे. आणि त्या क्रियापदाचे कारण ‘बोट’ या शब्दापलीकडे काही नाही. वाहनाला व्याकरणाच्या पलीकडचे, खऱ्या अर्थाने मायेचे स्त्रीत्व कसे प्राप्त होते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने दर्याकाठ सोडून वऱ्हाडात, समुद्रापासून शेकडो कोस आत, कामरगावच्या मुलखात यावे.

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. गावाला रूळ लागलेले नाहीत. परंतु तालुक्याचे ठिकाण जे कारंजा, तेथून एक अरुंद लोहमार्ग जातो, आणि त्यावरून धावलेल्या गाडीला साऱ्या परगण्याने ‘शकुंतला’ म्हटले. हिची जन्मकथा कापसाची आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना पुरवण्याची निकड इतकी मोठी होती की 1886 साली, हा प्रांत हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अखत्यारीत असताना, कारंज्याला कायद्याने नियंत्रित असा कापसाचा बाजार स्थापन झाला. देशातील अशा बाजारांत त्याचा मान पहिला समजतात. मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग मूर्तिजापुरावरून गेला होता, पण कपाशीची रानेच्या राने त्यापासून दूर पडली होती, आणि तेथवर माल नेणाऱ्या बंड्यांची चाके पावसाळ्यात काळ्या मातीत आसापर्यंत रुतत. म्हणून किलिक निक्सन या विलायती पेढीने 1910 साली मध्यप्रांत रेल्वे कंपनी उभी केली आणि अडीच फूट मापाचे रूळ टाकून मूर्तिजापूर एका बाजूने कारंजा, दारव्हा, यवतमाळ यांना व दुसऱ्या बाजूने अचलपुराला जोडले. यवतमाळची शाखा सुमारे 113 किलोमीटरांची, अचलपूरची 76 किलोमीटरांची. मालकी कंपनीची आणि गाडी चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, असा करार होता. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारजमा झाली तरी हा मार्ग कंपनीच्याच नावे राहिला, आणि सरकार त्याचा मोबदला भरीत राहिले, ही गोष्ट दफ्तरांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

ज्या मँचेस्टरच्या कापसाच्या भुकेने हा मार्ग जन्माला घातला, त्याच मँचेस्टरात 1921 साली घडलेले वाफेचे इंजिन 1923 पासून या गाडीला जोडले गेले, आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेईपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, ते तिला ओढीत राहिले. या इंजिनापाशी जरा थांबले पाहिजे, कारण गाडीच्या स्त्रीरूपाचे मूळ मला तेथे दिसते. बंडी, रेंगी, दमणी ही वऱ्हाडातील वाहनेही शब्दरूपाने स्त्रीलिंगीच आहेत. परंतु कोणी आपल्या बंडीचे बारसे केल्याचे ऐकिवात नाही. नावे असतात ती बैलांना, पोळ्याला ओवाळले जातात तेही बैलच; कारण चालण्यातला जीव त्यांच्या ठिकाणी आहे आणि मागची बंडी हे निर्जीव लाकूड आहे. आगगाडीत ही वाटणी नाहीशी झाली. ओढणारे आणि ओढले जाणारे एकच देह झाले, त्याला श्वास आला, हाक आली, तहान लागली की पाणी पिण्यासाठी थांबणे आले. आणि जो जीव बैलांपाशी राहत असे तो सबंध गाडीत उतरला. जीव उतरल्यावर नाव देणे ओघानेच आले, आणि ‘गाडी’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ते नाव मुलीचे ठरले. व्याकरणाचा वाटा एवढाच.

परंतु विदर्भाच्या पुराणप्रसिद्ध लेकी रुक्मिणी, दमयंती, इंदुमती आणि लोपामुद्रा असताना हस्तिनापूरच्या राणीचे नाव तोंडी का बसावे, याचाही विचार केला पाहिजे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संस्कृत पंडितांच्या पोथीतील नायिका गावोगावच्या मराठी श्रोत्यांची झाली. शिवाय ज्याच्या मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे मानतात, त्या कालिदासाचे विदर्भाशी नाते जुनेच आहे. त्याची शकुंतला रानात, झाडावेलींच्या सहवासात वाढलेली मुलगी. राजवाड्यात तिची ओळख कोणी धरीत नाही. लहान स्थानकांवरून, शेतांच्या बांधालगत रमतगमत जाणाऱ्या या गाडीला याहून योग्य नाव सापडले नसते.

पुणे-मुंबईच्या लोहमार्गावर 1 जून 1930 रोजी ‘दख्खनची राणी’ धावू लागली, तिलाही स्त्रीनामच मिळाले. पण ते कंपनीने पदवीसारखे बहाल केलेले. एस.टी.च्या तांबड्या गाडीला लोक ‘लालपरी’ म्हणतात, माथेरानची चिमुकली गाडी ‘फुलराणी’ होते. परंतु राणी आणि परी ही दुरून पाहण्याची रूपे आहेत. ‘शकुंतला’ हे घरातल्या, शेजारच्या मुलीचे नाव आहे, आणि ‘शकुंतला येऊन राहिली’ हे वऱ्हाडी वाक्य गाडीविषयी आहे की लेकीविषयी, हे संदर्भावाचून सांगता येणार नाही. थोड्या पैशांत बाजाराला, दवाखान्याला, तहसिलीच्या कामाला नेऊन संध्याकाळी परत आणणाऱ्या वाहनावर ज्यांचा प्रपंच विसंबून होता, त्या मजूर आणि शेतकरी कुटुंबांनी हे नाव चालवले. इंग्रज नाविकाने जहाजाला ‘ती’ म्हटले ते ज्या विसंबण्यातून, तेच हे विसंबणे आहे असे माझे मत आहे.

आज ती गाडी बंद आहे. मार्ग रुंद मापाचा करण्याचा विषय सरकारदरबारी गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि तिच्या मुलखातील माणसे त्यासाठी अर्ज-निवेदने देत, आंदोलने करीत आली आहेत. ती मागणी सर्वस्वी न्याय्य आहे, कारण कापूस पिकवणाऱ्या या तालुक्यांना स्वस्त दळणवळणाची गरज 1910 इतकीच आजही आहे. नवा मार्ग होईल तेव्हा नव्या गाडीला क्रमांक मिळेलच. परंतु वेळापत्रकाच्या रकान्यात त्या क्रमांकाशेजारी ‘शकुंतला’ हे नाव अधिकृतपणे छापले जावे, आणि कारंजा स्थानकावर 1921 च्या त्या इंजिनाची हकीकत मराठीत कोरून लावावी, एवढा ठराव कामरगावासह या टापूतील प्रत्येक ग्रामपंचायतीने करून रेल्वे खात्याकडे धाडावा, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.