आरशामागचा टीव्ही

बेडरूमच्या भिंतीवर टीव्ही, टीव्हीभोवती कपाट आणि कपाटाच्या दाराला आरसा. वर्ध्यात एका सुताराच्या कारखान्यात हे तयार होताना पाहिलं, तेव्हा मी अडखळलो तो आरशापाशी. टीव्ही झाकायचा तर सनमायका लावलेली साधी फळी पुरते, आरसा कशाला? पट्टीवर रंधा मारता मारता मिस्त्री म्हणाले, "आरसा लावला का आत टीव्ही हाय हे कोनाले समजतच नाही भाऊ. अन् ड्रेसिंगचा खर्चही वाचते." हिशेब चोख आहे. पण दार, आरसा आणि टीव्ही हे त्रिकूट वर्ध्यात जमलेलं नाही. टीव्ही घरात आला तोच या दोघांना बरोबर घेऊन.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनहून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. त्या वेळच्या चित्रनळीची अडचण अशी होती, की तिच्यातला इलेक्ट्रॉनचा झोत फारसा वळवता येत नसे. चित्र जरा मोठं हवं असेल तर नळी लांबच लांब करावी लागे. ती आडवी ठेवली तर पेटी खोलीभर पुढे येणार. म्हणून मार्कोनीफोन आणि एचएमव्ही यांनी नळी पेटीत उभी केली, पडदा छताकडे तोंड करून. मग बघायचं कसं? पेटीच्या झाकणाला आतून आरसा. झाकण उचलून तिरकं ठेवायचं आणि आरशात चित्र पाहायचं. आरशात डावं-उजवं उलटतं, अक्षरं उलटी दिसतील, म्हणून झोताची आडवी धाव मुळातच उलटी ठेवलेली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने मांडलेला बारा इंची संचही याच घडणीचा. कार्यक्रम संपला की झाकण खाली, आणि उरे एक लाकडी पेटी. टीव्ही लपवायचा म्हणून कुणी हे केलं नव्हतं. नळीच्या लांबीपायी ते करावं लागलं, आणि लपणं फुकटात मिळालं.

झाकणाच्या आत आरसा असलेली पेटी मराठी माणसाला नवी नाही. ती आपली फणेरपेटी. हातभर लांबीची लाकडी पेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आत कप्पे. एका कप्प्यात फणी, एकात करंडा, एकात कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी. झाकणाला आतून आरसा. जमिनीवर मांडी घालून बसायचं, पेटी पुढ्यात ओढायची, झाकण उघडून आरसा चेहऱ्याच्या कोनात आणायचा, आणि वेणीफणी झाली की सगळं बंद. काचेवर चांदीचा मुलामा चढवण्याची लीबिगची रीत १८३५ ची. त्याआधी पाऱ्या-कथलाचा चांगला आरसा ही महागाची चीज होती. धूळ आणि पोरांचे हात यांपासून जपायला झाकणाच्या आतली बाजू हीच सुरक्षित जागा.

लंडनच्या कारागिरांनी फणेरपेटी पाहिली होती असं माझं म्हणणं नाही. युरोपात प्रवासी शृंगारपेट्या होत्याच, त्यांच्याही झाकणांत आरसे असत. माझा दावा वर्ध्याच्या कपाटापुरता आहे: ते फणेरपेटीच्या कुळातलं आहे, टीव्ही कंपन्यांच्या शटरच्या नव्हे.

शटरचं कूळ मला माहीत आहे. १९८२ च्या आशियाई खेळांनी रंग आणला, १९८७ त 'रामायण' आलं, आणि दिवाणखान्यात सरकत्या शटरचे लाकडी टीव्ही मानाने बसले. कापडावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचं ते शटर थेट फ्रान्सच्या राजाच्या मेजापर्यंत नेता येतं. ओबेनने १७६० त हाती घेतलेलं आणि रीझनरने १७६९ त पुरं केलेलं ते गुंडाळत्या झाकणाचं मेज. त्याच गोतातला व्हिक्ट्रोला ग्रामोफोन १९०६ चा. त्याने कर्णा पेटीत घेतला, पुढे दारं लावली, आणि दारं जितकी उघडावीत तितका आवाज मोठा. पण आपल्याकडचं शटर टीव्हीला मिरवायला होतं. त्याला कुलूप असे, वर क्रोशाचा रुमाल असे, आत टीव्ही आहे हे गावाला ठाऊक असे. बेडरूमचं कपाट टीव्ही नसल्याचं भासवतं. हेतूच उलटा, तर वंश एक कसा?

दुसरा दावा फडताळाचा, आणि तो वजनदार आहे. जिल्ह्यातल्या जुन्या मातीच्या घरांत भिंती इतक्या जाड, की फडताळ भिंतीच्या पोटातच बसे, दोन झडपांसकट. आजच्या कपाटाची दोन दारं तिथून आली असं मीही मानतो. पण आजची विटांची आतली भिंत जेमतेम साडेचार इंचांची. तिच्यात कोनाडासुद्धा निघत नाही, म्हणून कपाट बाहेर टांगावं लागतं. आणि फडताळाला आरसा कधीच नव्हता.

तिसरा दावा खास वर्ध्याचा: पेटी चरखा. १९३८ पासून उभ्या असलेल्या मगन संग्रहालयात चरखे पाहिलेल्या माणसाला तो सुचणारच. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी रूपाला आणलेला तो चरखा झाकण लावताच साधी पेटी होतो. मोह मलाही झाला. मात्र तिथे झाकण आहे ते चरखा सोबत नेता यावा म्हणून. भिंतीला जखडलेल्या वस्तूचा तो पूर्वज ठरत नाही.

मग फणेरपेटीतला आरसा झाकणाच्या आतून दाराच्या बाहेर कसा आला? इथे दुवा आहे लोखंडी कपाटाचा. गोदरेजने अशी कपाटं १९२३ पासून बनवली, आणि पुढे आरशाचं लोखंडी कपाट लग्नाच्या आहेराचा भाग झालं. पेटीत जपायच्या वस्तू कपाटात गेल्या आणि आरसा दारावर चढला. दारावर आरसा, आत जपायची वस्तू, ही सवय बेडरूमला लागली ती तिथेच. पुढे टीव्ही चपटा झाला आणि त्या दारामागे मावला. याहून सरळ वाट मला दिसत नाही.

वाट सरळ असली तरी काम सोपं नाही. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ बाय ५४ सेंटिमीटर. भोवती हात फिरायला आणि वायरींना जागा सोडली की दार १०५ बाय ६५ वर जातं. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे नुसता आरसा साडेआठ किलो, आणि जवळपास तितकंच एकोणीस मिलिमीटरचं प्लाय. हे ओझं एका उचलत्या झडपेवर टाकलं तर बिजागऱ्या लोंबतात, म्हणून मिस्त्री दोन दारं करतात. वर-खाली फटी ठेवतात, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना बंद कपाटात टीव्हीची ऊब कोंडून चालत नाही.

आणि आता वास्तुशास्त्राने नवा फाटा काढला आहे. पलंगासमोर आरसा नको म्हणतात, बंद टीव्हीचा काळा पडदाही आरशात मोजतात. मुळात बेडरूममधला टीव्ही झाकून घेण्यामागे पुष्कळांचं कारण हेच. त्यांनी दारावरचा आरसाही नाकारला, तेव्हा मिस्त्रींनी तो दाराच्या आतल्या अंगाला लावून दिला. फणेरपेटीत होता तिथेच तो परत गेला, आणि माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा मी मागणार नाही. फक्त दारं काटकोनात उघडी राहिली तर दोन्ही आरशांत चित्र पडून डोळ्यांना त्रास होतो, म्हणून आता १६५ अंशांत उघडणाऱ्या बिजागऱ्या घेतात. दारं पार मागे वळतात.