पॅरिसमधलं ‘रोमँटिक’ हॉटेल निवडताना

पॅरिसला जायचं ठरलं की बहुतेकांचा शोध सारखाच असतो: जुनी देखणी इमारत, नक्षीदार बाल्कनी, चालत जाता येईल इतक्या अंतरावर सीन नदी. माझं संशोधन शहरांच्या स्मृतींवर असल्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, “कुठलं हॉटेल घेऊ?” त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: १९४० ते १९४५ या काळात त्या इमारतीत काय चाललं होतं?

आधी एक शब्दाची गंमत. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ मिळण्याचं ठिकाणही असतं. फ्रेंचमध्ये याच शब्दाचा जुना अर्थ मोठा वाडा असा. म्हणून पॅरिसमध्ये ‘ओतेल द व्हील’ची पाटी दिसली तर खोली विचारायला जाऊ नका, ती महापालिका आहे!

जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि त्यांनी शहरातली मोठमोठी हॉटेलं ताब्यात घेतली. कारण साधं होतं. तयार खोल्या, स्वयंपाकघरं, टेलिफोन, सगळं एका जागी. क्लेबेर अव्हेन्यूवरच्या ‘माजेस्तिक’मध्ये लष्करी प्रशासनाचं मुख्यालय आलं. त्विलरी बागेसमोरच्या ‘मेरिस’मध्ये पॅरिसचा जर्मन सेनापती बसत असे. शेवटचा सेनापती फॉन कोल्टिट्झ २५ ऑगस्ट १९४४ला तिथेच पकडला गेला. आज या दोन्ही इमारतींत आलिशान हॉटेलं आहेत.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रास्पाय बुलेव्हारवरचं ‘ल्युतेशिया’. ‘बाँ मार्शे’ या शेजारच्या प्रसिद्ध दुकानाच्या मालकांनी ते १९१०मध्ये सुरू केलं, गावोगावहून खरेदीला येणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी. युद्धकाळात तिथे ‘आबवेर’ या जर्मन लष्करी गुप्तचर संस्थेचं ठाणं होतं. आणि एप्रिल १९४५पासून, त्याच इमारतीत, छळछावण्यांतून वाचून आलेल्यांसाठी स्वागतकेंद्र उघडलं.

हे ‘स्वागत’ कसं होतं? बसमधून हाडांचे सापळे झालेली माणसं उतरायची. त्यांच्यावर उवा मारायची पावडर फवारायची, डॉक्टरांनी तपासायचं, मग चौकशी. कारण शत्रूला साथ दिलेले काही जण कैद्यांच्या वेशात लपून येतील अशी भीती होती. आणि बाहेर नातेवाईक उभे. हातात फोटो, फलकांवर फोटो. “याला कुठे पाहिलंत का?” फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं गेलं होतं. परतले ते जेमतेम ३ टक्के. म्हणजे फोटो घेऊन उभ्या असलेल्या बहुतेक ज्यू कुटुंबांचं माणूस येणारच नव्हतं, आणि त्यांना ते अजून माहीत नव्हतं.

संशोधक म्हणून मला इथे एक गोष्ट दिसते. इमारतीचा इतिहास सांगताना बांधणीचं साल, शैली आणि तिथे राहून गेलेले प्रसिद्ध लेखक-चित्रकार सहज येतात. पण ज्यांनी दारात वाट पाहिली, त्यांची नोंद हॉटेलच्या रजिस्टरमध्ये कशी सापडणार? त्यासाठी वाचलेल्यांच्या आठवणी, छायाचित्रं आणि सरकारी कागद एकत्र ठेवून वाचावे लागतात.

म्हणून तिथे राहू नका असं मी अजिबात म्हणत नाही. हनिमूनला जा, मजा करा. मोठ्या नूतनीकरणानंतर २०१८मध्ये ल्युतेशिया पुन्हा उघडलं आहे. तिथलं भाडं परवडलं नाही तरी हरकत नाही. १९४५ची आठवण सांगणारी स्मृतिपाटी बाहेरच्या भिंतीवरच आहे. बाँ मार्शेला खरेदीला गेलात, तर दोन मिनिटं थांबून ती वाचा.