दोन विधानांचे एक पुस्तक

मार्टिन लूथर म्हटले की चर्चचे एक दार, एक हातोडा आणि पंच्याण्णव कलमांचा कागद एवढेच चित्र आपल्या शालेय इतिहासाने डोळ्यांपुढे ठेवलेले असते. ते वर्ष १५१७. परंतु या जर्मन मठवाशाच्या अंतःकरणात काय होते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने तीन वर्षे पुढे यावे आणि १५२० च्या नोव्हेंबरात विटेनबर्गला छापून निघालेली एक लहानशी पुस्तिका उघडावी. ‘ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य’ हा तिचा विषय आणि तेच तिचे नाव.

तिचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये दहावे लिओ पोप यांनी लूथरची एकेचाळीस विधाने दोषी ठरवून ती मागे घेण्यास त्याला साठ दिवसांची मुदत दिली होती. ऑक्टोबरात पोपचा एक दूत, मिल्टित्स, त्याला भेटला आणि असे ठरले की, लूथरने पोपना आदराचे एक पत्र लिहावे व सोबत एखादे भक्तिपर पुस्तक पाठवावे. हे पत्र भीतीपोटी लिहिले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यावर मागची, म्हणजे ६ सप्टेंबरची, तारीख घातली गेली! जर्मन प्रत त्स्विकाऊ नगराच्या एका अधिकाऱ्याला अर्पण केली, आणि त्याचे पहिले नावच चुकले. हेरमानचा हिएरोनिमुस झाला. अशा धांदलीत लूथरचे सर्वांत शांत पुस्तक लिहिले गेले.

त्याच्या आरंभी परस्परांशी भांडणारी दोन विधाने आहेत. ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा धनी आहे, कोणाचा अंकित नाही, हे पहिले. तो सर्वांचा सेवक आहे, प्रत्येकाचा अंकित आहे, हे दुसरे. मूळ कल्पना संत पौलाची. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, तुम्हांला बोलावणे आले ते स्वातंत्र्यासाठी; पण ते देहाच्या लाडांसाठी न वापरता प्रीतीने एकमेकांची चाकरी करा. लूथरने या वचनाची जणू घडी उलगडली. तारण ही देवाची देणगी आहे. उपासतापास, यात्रा, दानधर्म यांच्या मोलाने ती विकत मिळत नाही. मग सत्कृत्यांचे काय? ती टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही, असे तो म्हणतो. चांगल्या घरामुळे सुतार चांगला होत नाही. सुतार चांगला असला म्हणजे घर चांगले होते. ज्याला स्वतःच्या तारणासाठी काही कमवावयाचे उरले नाही, त्याचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे झाले. पुण्याचा हिशेब सुटल्यावर जी सेवा उरते, तीच खरी निःस्वार्थ सेवा.

मी कॅथोलिक आहे, आणि ‘केवळ श्रद्धेने’ या शब्दांतील ‘केवळ’पाशी माझी लेखणी अडते, प्रीतीवाचून श्रद्धा जिवंतच नसते, असे आम्ही मानतो. तरीही पुस्तकाच्या या उत्तरार्धासमोर मान लवते, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही.

या उत्तरार्धाचे पुढे काय झाले? मुल्डे नदीकाठच्या लाइस्निग या गावाने १५२३ साली त्याला आकार देण्याचा प्रयत्न केला. चर्चच्या उत्पन्नातून एक सार्वजनिक पेटी स्थापन करावयाची, आणि तीतून धर्मोपदेशक, मुलामुलींचे शिक्षण, निराधार, वृद्ध, अनाथ या सर्वांचा खर्च भागवावयाचा. दहा कारभारी निवडावयाचे: दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन नागरिक आणि तीन शेतकरी. पेटीला चार कुलुपे, आणि चारही वर्गांकडे एकेक किल्ली, म्हणजे एकट्याला कोणालाच ती उघडता येऊ नये. लूथरने या योजनेला प्रस्तावना लिहिली. मोठी सुंदर योजना! पण नगरसभा देणग्यांचा पैसा हातचा सोडीना, आणि पेटी अडचणीत आली. प्रीतीला कुलुपे किती असावीत हे ठरविता आले, पैसा कोठून यावा हे ठरविणे जड गेले.

याहून कठोर परीक्षा दोन वर्षांनी आली. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. तिसरी मागणी भूदास्य नष्ट करण्याची होती. ख्रिस्ताने गुराखी आणि राजा या दोघांनाही एकाच रक्ताच्या मोलाने सोडविले, मग आम्ही कोणाची मालमत्ता कसे? लूथरने आरंभी सरदारांनाही खडसावले. परंतु बंडाळी पेटल्यावर शेतकऱ्यांना निर्दयपणे ठार करा, असे त्याने सरदारांना लिहिले. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेनला त्यांचा निर्णायक पराभव झाला. त्या युद्धात मेलेल्यांचा इतिहासकारांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, शरीराचे नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. ज्या लेखकाने शेजाऱ्याचा सेवक व्हावे असे लिहिले, त्याला तेव्हा शेतात राबणारा शेजारी दिसला नाही.

पंडितांचे भांडण मात्र पूर्वार्धावरच चालू राहिले. १५४१ साली रेगेन्सबुर्गला पोपचे प्रतिनिधी कार्डिनल कोंतारिनी यांच्या उपस्थितीत दोन्ही बाजूंचे धर्मपंडित बसले आणि मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो या कलमावर त्यांचे एकमत झाले. पण परमप्रसादाच्या प्रश्नावर बोलणी फिसकटली, आणि त्या कलमावरही ना रोम संतुष्ट होते, ना लूथर. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने या विषयावर तेहतीस नियम केले. त्यांपैकी पहिलाच नियम देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्माने नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याचा निषेध करतो. पण हे प्रॉटेस्टंटांनी फारसे वाचले नाही, आणि लूथरचा उत्तरार्ध आम्ही वाचला नाही.

त्या वाचनाला साडेचार शतके लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरात कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूलभूत सत्यांविषयी आपले एकमत आहे, देवाची कृपाच मनुष्याला तारते आणि तीच त्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते, असे तीत म्हटले आहे. २००६ साली मेथडिस्ट मंडळ्या तिच्याशी सहमत झाल्या, आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही विटेनबर्गला आपली सहमती नोंदविली. आउग्सबुर्गच्या सह्या संत अॅनाच्या चर्चमध्ये झाल्या. १५१८ च्या ऑक्टोबरात कार्डिनल कायेतान यांना जाब देण्यासाठी आलेला लूथर त्याच चर्चलगतच्या कार्मेली मठात उतरला होता, आणि तेथून एका रात्री तो गुपचूप निघून गेला होता.