शहाद्याची श्रमिक संघटना: माणसं मूठभर, प्रश्न सातबाऱ्याचा

हल्ली ‘कडवे डावे’ हा शब्द सारखा कानावर पडतोय. टीव्हीवर, सभांमध्ये, व्हॉट्सॲपवर. पण उघडपणे मार्क्सवादी म्हणवणाऱ्या तरुणांची एक छोटी संघटना ५० वर्षांपूर्वी आपल्याच शहादा-तळोद्यात काम करत होती, हे आज इथल्या कितीतरी पोरांना माहीत नाही. नाव होतं श्रमिक संघटना. शिव्या आणि आरत्या दोन्ही बाजूला ठेवून तिचा इतिहास जरा बघू या.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आपण धुळे जिल्ह्यात होतो. तापीकाठची काळी कसदार जमीन भिलांनी पिढ्यान् पिढ्या कसलेली. पण कागद त्यांना वाचता येत नव्हता. अडीनडीला घेतलेलं कर्ज, गहाणखत, अंगठा, आणि जमीन सावकाराच्या नाहीतर मोठ्या शेतकऱ्याच्या नावावर. मग बापाच्याच जमिनीवर पोरगा सालदार म्हणून राबायचा. पुढे पाणी आलं, ऊस आला, जमिनीचा भाव वाढला, तशी ती परत मिळायची आशाही मावळली. वर पीक संरक्षण सोसायट्यांचे राखणदार. चोरीच्या संशयावरून आदिवासीला मारहाण, हे तर रोजचंच.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून वाद पेटला, आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मेला. या प्रकरणाने सगळा भाग हादरला. त्या काळात आदिवासींचा आवाज होते अंबरसिंग महाराज. स्वतः भिल, भजनं म्हणणारे, सर्वोदयाच्या वाटेने आलेले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला. त्याच सुमारास पुण्या-मुंबईकडचे काही शिकलेले तरुण इथे येऊन राहिले. त्यातले बरेचसे ‘मागोवा’ या डाव्या गटातले. कुमार शिराळकरांसारखा इंजिनियर नोकरीची वाट सोडून इथे आला, तो कायमचाच. भजन म्हणणारे महाराज आणि मार्क्स वाचणारी पोरं, अशी ही जोडी. त्यातून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली.

त्यांच्या मागण्या काय होत्या? गेलेली जमीन परत द्या. सालदाराला पुरेसं साल आणि सुट्टी द्या. बायांना शेतमजुरी नीट द्या. आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा काम द्या, केलेल्या कामाचा दाम द्या. बस्स! यासाठी संप झाले, मोर्चे निघाले, घेराव झाले. यांना ‘नक्षलवादी’ ठरवायचा प्रयत्न तेव्हाही झालाच.

बायांनी तर पुढचंच पाऊल टाकलं. मजुरीचा पैसा गुत्त्यावर जातो आणि रात्री मार आपल्याला बसतो, हे त्यांनी शिबिरात बोलून दाखवलं. मग गावोगावी दारूची मडकी फुटली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला जाऊ लागला. हा कार्यक्रम कुठल्याही पुस्तकातून आलेला नव्हता, तो बायांनीच संघटनेला दिला.

संघटना कधीच मोठा पक्ष झाली नाही. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये गेले. पुढे कुणी दुसऱ्या पक्षात गेलं, कुणी वेगळी वाट धरली. म्हणून सगळं फुकट गेलं का? नाही. राज्यभरातल्या आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न सरकारला टाळता येईना, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. त्याचं श्रेय एकट्या शहाद्याचं नाही, पण शहाद्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही, ही तरतूदही त्याच काळात कडक झाली.

मेख मात्र तारखेत आहे. हा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या व्यवहारांना लागू. त्याआधी ज्याची जमीन गेली, त्याने काय करायचं? बरं, परत मिळवायची तर ठरावीक रक्कम भरा, कचेरीच्या खेटा घाला, वर अपील सोसा. समोरच्याकडे वकील, याच्याकडे बुडालेली रोजी. कायदा झाला, पण सगळ्यांच्या पदरात पडला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. याच चळवळीत घडलेले आपले कवी वाहरू सोनवणे. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेने चळवळीलाच आरसा दाखवला. आदिवासींचं दुःख स्टेजवरून सांगणार कोण, आणि खाली बसून ऐकणार कोण? बाहेरून आलेल्यांचा त्याग खोटा नव्हता. पण माइक कुणाच्या हातात, हा प्रश्नही खोटा नव्हता. शत्रूने केलेली टीका सोपी असते, घरच्या माणसाची टीका पचवणं अवघड. ती करणारा माणूस याच चळवळीने घडवला, हे मला तिचं मोठं यश वाटतं.

आज सगळ्याच पक्षांच्या स्टेजवर आदिवासी दिसतो. फेटा बांधून, ढोल वाजवत. त्याच्या सातबाऱ्याबद्दल तिथून कोण बोलतं? पुढची सभा ऐकाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. आणि घरी कुणी आजी-आजोबा त्या मोर्च्यांत चाललेले असतील, तर त्यांना विचारा, लिहून घ्या. ती पिढी आता थोडीच उरलीय.